दशांशाचा अपूर्णांक करणारा प्रोग्रॅम: ०.२९ चं ७/२५ का होतंय?

नवाकोडर

नमस्कार मंडळी,

एक छोटा प्रोग्रॅम लिहितोय. वापरणाऱ्याने दशांशात संख्या द्यायची आणि प्रोग्रॅमने ती अंश-छेदात, अतिसंक्षिप्त रूपात दाखवायची. ०.७५ दिलं की ३/४. रीत शाळेतलीच: बिंदू काढा, छेदात १ वर तेवढी शून्यं मांडा, दोघांना मसाविने भागा.

आधी स्वतःचं फंक्शन लिहिलं. दोन दशांश स्थळांपुरतंच होतं, म्हणून संख्येला १०० ने गुणून पूर्णांक भाग घेतला. ०.७५, ०.५, ०.१२५ (इथे १००० ने) सगळं झकास. ०.२९ दिलं तर उत्तर ७/२५! म्हणजे ०.२८.

मग पायथन भाषेतला अपूर्णांकांसाठीचा तयार फ्रॅक्शन क्लास वापरला. त्याला ०.५ दिलं तर १/२ देतो, पण ०.१ दिलं तर हे:

३६०२८७९७०१८९६३९७ / ३६०२८७९७०१८९६३९६८

हा काय प्रकार आहे? क्लासमध्ये बग असेल असं वाटत नाही, पण वापरणाऱ्याला हे दाखवू तरी कसं?

---

मसावि

बग नाही. तुम्ही ०.१ लिहिलंत, पण प्रोग्रॅमपर्यंत ०.१ पोचलंच नाही.

दशांशात एखादा अपूर्णांक खंडित कधी होतो? अतिसंक्षिप्त रूपात छेदाचे मूळ अवयव फक्त २ आणि ५ असले तर. १/८ खंडित, १/३ अखंड आवर्ती. संगणक आत द्विमान पद्धत (फक्त ० आणि १) वापरतो, तिथे ५ ला सवलत नाही, फक्त २ चालतो. १/१० च्या छेदात ५ आहे, त्यामुळे द्विमानात ते न संपणारं आवर्ती होतं, जसं आपल्याकडे ०.३३३३…

डबल प्रकारच्या संख्येत (दशांश संख्या ठेवायचा नेहमीचा प्रकार) सार्थ अंकांसाठी ५३ बिट म्हणजे द्विमान अंक असतात. न संपणारी रांग ५३ बिटांत बसवायला जवळच्या किमतीला नेली की जी मिळते ती ०.१ च्या सर्वात जवळची, पण ०.१ नसलेली संख्या. फ्रॅक्शनने तुम्हाला तिचंच तंतोतंत रूप दाखवलं. तो छेद नीट बघा, तो बरोबर २ चा ५५ वा घात आहे. ०.५, ०.७५, ०.१२५ यांचे छेद २ चे घातच असल्यामुळे ते सुखरूप पोचले.

०.२९ चंही हेच. ०.२९ ला १०० ने गुणल्यावर डबलमध्ये २८.९९९९९९९९९९९९९९६ येतं. पूर्णांक भाग घेतलात की २८. तिथे पूर्णांक भाग न घेता जवळच्या पूर्णांकाला नेलं असतं तर २९ आलं असतं, पण ती मलमपट्टी झाली.

खरा उपाय: वापरणाऱ्याने टाइप केलेलं फ्लोट (म्हणजे अशी द्विमान संख्या) करूच नका. ते मजकूर म्हणूनच घ्या आणि शाळेची रीत त्या मजकुरावर चालवा.

---

बिटबिट

पायथनमध्ये तर काहीच करायला नको. फ्रॅक्शनला ०.१ ही संख्या देण्याऐवजी अवतरणचिन्हांत '०.१' ही स्ट्रिंग म्हणजे मजकूर द्या, सरळ १/१० मिळेल. डेसिमल क्लासची वस्तू दिलीत तरी चालते.

आणि संख्या आधीच फ्लोट होऊन आलेली असेल तर फ्रॅक्शन करून त्यावर लिमिट-डिनॉमिनेटर चालवा. काही सांगितलं नाही तर तो छेदाची मर्यादा दहा लाख धरतो आणि त्या मर्यादेतला सर्वात जवळचा अपूर्णांक देतो. ०.१ चं १/१० होतं. विषय संपला.

---

छेदकरी

विषय संपला?? 🙂

दहा लाखच का? शंभर का नको? पाय (π) घेऊ. मर्यादा १० दिलीत तर २२/७. मर्यादा १०० दिलीत तर ३११/९९. मर्यादा १००० दिलीत तर ३५५/११३. तिन्ही आपापल्या मर्यादेत बरोबर आहेत. मर्यादा कोण ठरवणार?

माझं म्हणणं असं की "या दशांशाचा अपूर्णांक कोणता" हा प्रश्न अर्धवट आहे. ०.३३३३ म्हणजे ३३३३/१०००० की १/३? आकड्यांकडे कितीही टक लावून पाहिलं तरी उत्तर मिळणार नाही. तो आकडा कुठून आला यावर ते ठरतं. माणसाने विचारपूर्वक टाइप केला, की कुठल्यातरी भागाकारातून कापला जाऊन आला, की मोजपट्टीवरून वाचला? तिन्ही ठिकाणी रीत वेगळी.

नवाकोडर, तुमचे आकडे कुठून येणार आहेत?

---

नवाकोडर

मसावि, बिटबिट, आभार. स्ट्रिंगची युक्ती चालली, ०.२९ चं २९/१०० आलं.

छेदकरी, दोन्हीकडून. काही माणसं टाइप करतील, काही फायलीतून येतील, आणि फायलीतले बहुतेक कुठल्यातरी भागाकाराचे निकाल असतील. ०.३८४६ असं येतं. खरं उत्तर ५/१३ असणार हे मला दिसतंय (५/१३ = ०.३८४६१५…), पण प्रोग्रॅमला कसं दिसणार?

---

गणितमास्तर

उदाहरण छान दिलंत, हे हातानेच करून दाखवतो. कोड नंतर आपोआप सुचेल.

०.३८४६ म्हणजे १९२३/५०००. मसावि काढायचा तर युक्लिडच्या रीतीने भागाकार करत जातो. ते भागाकार या वेळी फेकून न देता लिहून ठेवा:

५००० ÷ १९२३ → भागाकार २, बाकी ११५४
१९२३ ÷ ११५४ → भागाकार १, बाकी ७६९
११५४ ÷ ७६९ → भागाकार १, बाकी ३८५
७६९ ÷ ३८५ → भागाकार १, बाकी ३८४
३८५ ÷ ३८४ → भागाकार १, बाकी १
३८४ ÷ १ → भागाकार ३८४, बाकी ०

शेवटची शून्येतर बाकी १, म्हणजे मसावि १. शाळेच्या रीतीने इथे हात टेकले: १९२३/५००० ला संक्षेप नाही.

आता भागाकारांची रांग पहा: २, १, १, १, १, ३८४. याच रांगेवरून वितत अपूर्णांक म्हणजे कंटिन्यूड फ्रॅक्शन तयार होतो. एकेक भागाकार घेत गेलं की जवळजवळ जाणारे अपूर्णांक मिळतात. नियम सोपा: नवा अंश = भागाकार × मागचा अंश + त्याच्या मागचा अंश. छेदालाही तोच नियम. सुरुवात १/० आणि ०/१ या जोडीने करा (१/० हा अपूर्णांक नव्हे, नियम चालू करायची सोय आहे).

१/२, १/३, २/५, ३/८, ५/१३, १९२३/५०००

पाचव्या पायरीला ५/१३ समोर उभा आहे. त्याच्यानंतरचा भागाकार एकदम ३८४. मोठा भागाकार आला म्हणजे त्याच्या आधीचा अपूर्णांक फारच जवळ पोचला होता. रांगेतल्या पुढच्या अपूर्णांकाला छेद १३ वरून एकदम ५००० वर गेला. पायच्या रांगेतही असंच होतं: ३, ७, १५, १, २९२… त्या २९२ च्या अलीकडे थांबलात की ३५५/११३, आणि फरक एक कोटीत तिनाहून कमी. तेवढ्या लहान छेदाला ही जवळीक म्हणजे नशीबच.

तेव्हा मसाविसाठी जे फंक्शन तुम्ही आधीच लिहिलंय, त्यातच सगळं दडलेलं आहे.

---

वाचकमात्र

हे मसाविचं आणि जवळच्या अपूर्णांकाचं एकच गणित आहे हे पहिल्यांदाच कळलं. मास्तर, दंडवत. धागा वाचनखुणेत साठवला.

---

नवाकोडर

मास्तर, हे भारी आहे! लगेच लिहून पाहिलं. पण मी थोडं वेगळं केलं: संख्येतून पूर्णांक भाग वजा, उरलेल्याचा व्यस्त, पुन्हा पूर्णांक भाग, असं फ्लोटमध्येच. नेटवर बहुतेक ठिकाणी असंच दिसतं. सुरुवातीचे भागाकार बरोबर येतात, पुढे मात्र काहीही येतं. १ पाहिजे तिथे ० आणि मग प्रचंड मोठा आकडा, असंही झालं.

---

मसावि

दर व्यस्ताला चूक फुगते. उरलेला भाग ०.००००१ असेल तर त्याच्या शेवटच्या बिटातली गडबड व्यस्त घेतल्यावर कितीतरी पटींनी वाढते, आणि पुढची पायरी त्या गडबडीवरच उभी राहते. फ्लोट वापरायचंच असेल तर फरक अमुक इतका कमी झाला की थांब, अशी अट हवीच. त्यापेक्षा मास्तरांसारखं अंश आणि छेद दोन्ही पूर्णांक ठेवा. बाकी पूर्णांक, भागाकार पूर्णांक, चुकायला जागाच नाही.

असं:

फंक्शन जवळचा(अंश, छेद, कमाल):
  आधीचा = (०, १)
  आत्ताचा = (१, ०)
  जोवर छेद ० नाही:
    भ = अंश भागिले छेद, फक्त पूर्णांक
    नवा = (भ × आत्ताचा.अंश + आधीचा.अंश, भ × आत्ताचा.छेद + आधीचा.छेद)
    नवा.छेद > कमाल असेल तर थांब
    आधीचा = आत्ताचा, आत्ताचा = नवा
    अंश, छेद = छेद, (अंश वजा भ × छेद)
  आत्ताचा परत दे

पायऱ्यांची काळजी नको. युक्लिडच्या रीतीला लहान संख्येत जितके अंक, त्याच्या पाचपटीहून जास्त पायऱ्या कधीच लागत नाहीत. हे लामे या फ्रेंच गणितज्ञाने १८४४ साली सिद्ध केलं. १८ अंकी छेद असला तरी फार तर नव्वद फेऱ्या.

---

छेदकरी

मसावि, कोड सुटसुटीत, पण एक बारीक गोष्ट राहिली. हा "मर्यादेतला सर्वात जवळचा" देत नाही. वर मी पायसाठी मर्यादा १०० वर ३११/९९ लिहिलं होतं. तुमचं फंक्शन २२/७ वरच थांबेल, कारण पुढचा पूर्ण टप्पा ३३३/१०६ आणि तो मर्यादेबाहेर. ३११/९९ मधल्या वाटेवर आहे. १५ चा भागाकार पूर्ण न घेता १४ च घेतला की (१४×२२+३)/(१४×७+१) = ३११/९९.

म्हणजे थांबायच्या वेळी आणखी एक काम: मर्यादेत बसेल असा सर्वात मोठा भागाकार घेऊन एक उमेदवार बनवायचा, त्याची आणि शेवटच्या पूर्ण टप्प्याची तुलना करायची, जो जवळ तो द्यायचा. पायथनचा लिमिट-डिनॉमिनेटर नेमकं हेच करतो.

नवाकोडरला मात्र याची गरज असेलच असं नाही. ५/१३ हुडकायला पूर्ण टप्पेच पुरतात.

---

काटकोन

एक वेगळी वाट. छेदाची मर्यादा न देता अंतराची द्या. ०.३८४६ असं चार स्थळांपर्यंत लिहिलंय म्हणजे खरी संख्या ०.३८४५५ आणि ०.३८४६५ च्या मध्ये असणार. या पट्ट्यात बसणारा सर्वात लहान छेदाचा अपूर्णांक शोधा. स्कीम भाषेत यासाठी रॅशनलाइझ नावाचं फंक्शनच आहे: संख्या आणि सहनशीलता (किती फरक चालेल ते) द्या, सर्वात साधा अपूर्णांक घ्या.

हाताने लिहायचं तर स्टर्न-ब्रोको वृक्ष. डावीकडे ०/१, उजवीकडे १/०. अंशात अंश, छेदात छेद मिळवून मधला बनवा. मधला पट्ट्याच्या खाली पडला तर तो डावा, वर पडला तर तो उजवा, आत पडला की उत्तर. दहा ओळींचा कोड, आणि संक्षेप करायला लागत नाही, येणारा प्रत्येक अपूर्णांक अतिसंक्षिप्तच असतो. स्टर्न हा जर्मन गणितज्ञ, १८५८ चा. ब्रोको फ्रेंच घड्याळजी, १८६१ चा. त्याला दातेरी चाकांची गुणोत्तरं हवी होती: पाहिजे तो वेग, पण चाकाला दाते कमी. गरज नवाकोडरचीच, फक्त पितळेत.

---

बिटबिट

काटकोन, हे ०.३ ला चालवून पाहिलंत का? एक स्थळ, म्हणजे पट्टा ०.२५ ते ०.३५. त्यात सर्वात साधा १/३. माणसाने ०.३ टाइप केलं आणि प्रोग्रॅम म्हणतो १/३. ०.७ चं २/३. वापरणारा प्रोग्रॅम उडवून टाकेल.

शिवाय ०.००००१ सारखी संख्या आली तर तुमचा वृक्ष १/१, १/२, १/३ करत एकेक पायरी उतरत बसेल, लाखभर फेऱ्या. वितत अपूर्णांक तीच लांब उतरण एका भागाकारात उडी मारून पार करतो.

---

काटकोन

दुसरा मुद्दा मान्य. पहिल्यावर म्हणेन की टाइप केलेल्यांना ही रीत लावायचीच नाही, फक्त कापून आलेल्यांना. छेदकरींनी वर तेच सांगितलंय. आणि फायलीतही एक-दोन स्थळांच्या आकड्यांवर अंदाज बांधूच नये, निदान चार स्थळं असल्याशिवाय.

---

फ्रेमवाला

जरा उशिरा आलो. व्हिडिओच्या धंद्यात हे रोज समोर येतं, म्हणून लिहितो.

व्हिडिओचा वेग २९.९७ फ्रेम प्रति सेकंद असा सगळीकडे छापलेला असतो. शाळेची रीत लावा: २९९७/१००. वितत अपूर्णांक लावा, मर्यादा हवी ती द्या, १०० च्या वर २९९७/१०० च येणार कारण तो तंतोतंत आहे. आणि तो चूक आहे. खरा वेग ३००००/१००१, म्हणजे २९.९७००२९९७००२९… अमेरिकेत १९५३ साली रंगीत प्रक्षेपणाचं मानक ठरलं तेव्हा ३० चा वेग १००० ला १००१ या प्रमाणात किंचित कमी केला, तेव्हापासून हा १००१ मानगुटीवर बसलाय. २३.९७६ हा २४०००/१००१ आणि ५९.९४ हा ६००००/१००१.

२९९७/१०० धरलं तर २४ तासांत अडीच फ्रेमहून जास्त फरक पडतो. सिनेमाला कोणाला कळणार नाही, पण चोवीस तास चालणाऱ्या प्रक्षेपणात आवाज आणि चित्र जुळवणाऱ्याला कळतो. सरळ ३० धरलं तर तासाला जवळपास १०८ फ्रेमचा फरक, म्हणून तर टाइमकोडमध्ये (प्रत्येक फ्रेमला दिलेल्या वेळेच्या क्रमांकात) तासाला १०८ क्रमांक गाळायची पद्धत आहे.

कुठलीही हुशार रीत २९.९७ वरून १००१ शोधू शकत नाही, कारण ती माहिती त्या चार आकड्यांत नाहीच. आमच्याकडे आधी ओळखीच्या वेगांचा तक्ता तपासतात. आकडा त्यातल्या एखाद्याच्या अगदी जवळ असेल तर तक्त्यातला अपूर्णांक घ्यायचा, नाहीतर मग गणित. हां, फायलीत २९.९७००२९९७ असं पूर्ण लिहिलेलं असेल तर मर्यादा दहा हजार ठेवून वितत अपूर्णांक ३००००/१००१ बरोबर काढून देतो.

---

छेदकरी

+१००१.

---

खिळामोळा

आमच्याकडे उलट गंमत. इंचाच्या मोजमापात छेद आधीच ठरलेला असतो: २, ४, ८, १६, ३२, ६४. ५/१३ इंच कुठल्याच पट्टीवर नाही. तिथे वितत बितत काही नको, १६ ने गुणा, जवळच्या पूर्णांकाला न्या, मग संक्षेप. २.३७ × १६ = ३७.९२, म्हणजे ३८/१६, म्हणजे २ पूर्णांक ३/८.

एकच सांभाळा: पूर्णांक आणि अपूर्ण भाग आधी वेगळे केले तर २.९८ चं "२ पूर्णांक १६/१६" होतं. आधी सगळी संख्या सोळांशात न्या, वेगळं नंतर करा.

एक्सेलमध्येही अपूर्णांकाच्या फॉरमॅटला हे दोन्ही पर्याय आहेत, छेद एक-दोन-तीन अंकी किंवा छेद ठरलेला. एक अंकी निवडून ०.२९ टाकलं तर २/७ दिसतं. आतली किंमत ०.२९ च राहते, फक्त दिसतं वेगळं.

---

नवाकोडर

फ्रेमवाला, १००१ चं ऐकून गार पडलो. माझ्या फायलीत व्हिडिओ नाहीत, सुटलो.

आता असं करतोय: टाइप केलेल्याला स्ट्रिंगची रीत, तंतोतंत. फायलीतून आलेल्याला चार किंवा जास्त स्थळं असतील तरच वितत अपूर्णांक, छेद १००० पर्यंत, आणि मिळालेला अपूर्णांक पुन्हा दशांशात नेऊन तेवढ्याच स्थळांवर मूळ आकड्याशी जुळतो का ते तपासायचं. नाही जुळला तर तंतोतंत रूप. अंदाजाने काढलेल्या उत्तरासमोर "सुमारे" लिहायचं.

दोन शंका. टाइप करणाऱ्याला आवर्ती दशांश द्यायचा असेल तर? आणि हेच ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टने करायचं झालं तर काय बदलेल?

---

गणितमास्तर

आवर्तीसाठी कंस ठेवा: ०.५८(३). बिंदूनंतरचे सगळे आकडे ५८३, त्यातून आवर्ती नसलेले ५८ वजा: ५२५. छेदात आवर्ती आकडे जितके तितके ९, त्यापुढे अनावर्ती जितके तितकी ०: ९००. ५२५/९०० = ७/१२. ०.(१४२८५७) चं १४२८५७/९९९९९९, म्हणजे १/७. आणि ०.(९) चं ९/९, म्हणजे १. त्यावर कोणी वाद घालायला आलं तर वेगळा धागा काढा, इथे नको.

---

मसावि

जावास्क्रिप्टबद्दल: तिथली साधी संख्या डबलच असते. ती छापताना मात्र, वाचल्यावर पुन्हा तीच डबल मिळेल असा सर्वात आखूड दशांश निवडला जातो, म्हणून ०.१ हे ०.१ दिसतं. त्यामुळे संख्येची स्ट्रिंग करून तिच्यावर शाळेची रीत चालवणं बहुतेक वेळा जमतं. पण ०.०००००१ पेक्षा लहान संख्या घातांकाच्या रूपात छापली जाते, तिथे बिंदू शोधणारा कोड आपटतो. ०.१ + ०.२ चा निकाल दिलात तर ०.३०००००००००००००००४ हीच स्ट्रिंग मिळेल, तिला तंतोतंत रीत लावून उपयोग नाही.

छेद वाढू शकत असेल तर बिगइंट (हवा तेवढा मोठा होणारा पूर्णांक) वापरा. ३२ बिटांच्या पूर्णांकात १० चा ९ वा घातच कसाबसा मावतो, ६४ बिटांत १८ वा. पायथनचे पूर्णांक हवे तेवढे वाढतात, म्हणून तिथे हे कधी जाणवत नाही.

आणखी एक. कोणी १२.५ देवनागरी आकड्यांत टाइप केलं तर जावास्क्रिप्टचं रूपांतर संख्या मानायला नकार देतं. पायथनचं पूर्णांक करणारं इंट मात्र देवनागरी आकडे निमूट स्वीकारतं.

---

बिटबिट

नवाकोडर, ऋण संख्या तपासल्यात का? −०.२५ बिंदूवर तोडलं की डावीकडे "−०" येतं, त्याचा पूर्णांक केला की नुसता ० आणि चिन्ह गायब. उत्तर १/४ छापलं जातं.

---

नवाकोडर

आत्ता टाकून पाहिलं. १/४ च आलं! 😀

---

बिटबिट

चिन्ह पहिल्यांदाच बाजूला काढून ठेवा, सगळं गणित धन संख्येवर करा आणि छापताना शेवटी लावा. मसाविंच्या फंक्शनलाही ऋण अंश देऊ नका. पायथनचा पूर्णांक भागाकार खालच्या पूर्णांकाकडे जातो आणि सी, जावा या भाषांचा शून्याकडे, त्यामुळे पहिलाच भागाकार दोन ठिकाणी दोन येतो. चिन्ह काढल्यावर "५." आणि ".५" हेही टाकून बघा, तुमचा कोड रिकामी स्ट्रिंग पूर्णांकात बदलायला जाईल आणि तिथेच बसेल.